प्लास्टिकला मातीचं बळ

प्लास्टिकमध्ये माती मिसळली म्हटलं की डोक्यात पहिला शब्द येतो तो भेसळ. स्वस्तातली भुकटी घालून वजन वाढवायचा उद्योग चालतोही, नाही असं नाही. पण 100 ग्रॅममध्ये 4-5 ग्रॅम माती घालून कोणाचे किती पैसे वाचणार? 1980च्या दशकात टोयोटाच्या जपानमधल्या संशोधकांनी नायलॉनमध्ये एवढीच माती घातली. साधं नायलॉन भाराखाली सुमारे 65 अंश सेल्सिअसला वाकायला लागायचं, ते जवळपास 150 अंशांपर्यंत तग धरू लागलं. पुढे त्याच्यापासून मोटारीच्या टायमिंग बेल्टचं झाकण बनलं.

ही माती म्हणजे माँटमोरिलोनाइट, बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीतला मुख्य घटक. तिचा कण पत्त्यांच्या कॅटसारखा असतो. फक्त इथला प्रत्येक पत्ता, म्हणजे पापुद्रा, 1 नॅनोमीटर जाड आणि काही शे नॅनोमीटर रुंद. सगळे पत्ते सुटे झाले तर एका ग्रॅमचं क्षेत्रफळ 700 चौरस मीटरच्या घरात जातं. ते सुटे होत नाहीत, हीच तर अडचण. पापुद्र्यात अ‍ॅल्युमिनियमच्या काही जागा मॅग्नेशियमने बळकावलेल्या असतात. अ‍ॅल्युमिनियमचा धनभार तीन, मॅग्नेशियमचा दोन, त्यामुळे पापुद्र्यावर ऋणभार उरतो. तो फेडायला दोन पापुद्र्यांच्या फटीत सोडियमचे आयन येऊन बसतात. सोडियमला पाणी प्रिय, त्यामुळे तेलकट मोनोमरला (ज्याचे रेणू एकमेकांना जोडून पॉलिमरची, म्हणजे प्लास्टिकची, लांब साखळी बनते) तिथे सहसा थारा मिळत नाही.

मात्र हा सोडियम सहज जागा सोडतो. त्याच्या जागी धनभारित नायट्रोजनचं डोकं आणि कार्बनची लांब शेपटी असलेला अमोनियम रेणू बसवला की फट रुंदावते, तेलकटही होते आणि मोनोमर आत शिरतो. (आयनांच्या याच अदलाबदलीचं नाव पुढे करून ‘अंगातली विषं ओढून घेणारे’ मातीचे लेप विकले जातात. अदलाबदल खरी आहे, पण ती मातीला टेकलेल्या द्रवात होते. त्वचेपलीकडच्या रक्तातलं काही लेप ओढून घेत नाही.)

एवढं करूनही काम अर्धवटच राहतं. साधी शेपटी पॉलिमरच्या साखळ्यांत नुसती मिसळलेली असते, जोडलेली नसते. ओढ बसली की साखळ्या तिच्यावरून घसरतात. म्हणून शेपटीच्या टोकाला अ‍ॅक्रिलेटचा, म्हणजे दुहेरी बंध असलेला, गट लावायचा. मला या साऱ्या प्रकारात सर्वांत देखणी वाटते ती हीच युक्ती.

ही युक्ती कामाला येते ती प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझीनमध्ये, म्हणजे मोनोमरच्या द्रवात. त्यात एक आरंभक असतो. अतिनील किंवा निळा प्रकाश पडला की तो मुक्तमूलकं तयार करतो, म्हणजे विजोड इलेक्ट्रॉन असलेले अस्वस्थ तुकडे. असा तुकडा अ‍ॅक्रिलेटच्या दुहेरी बंधावर तुटून पडतो. बंधातला एक इलेक्ट्रॉन त्याच्याशी जोडी जमवतो, दुसरा पलीकडच्या कार्बनवर एकटा पडतो आणि पुढच्या दुहेरी बंधाला भिडतो. काही सेकंदांत हजारो दुवे जोडले जातात. समोर आलेला बंध मोकळ्या मोनोमरचा आहे की मातीच्या शेपटीचा, याची साखळीला फिकीर नसते. ती शेपटीही गुंफून घेते आणि अख्खा पापुद्रा जाळ्याचा भाग होतो. शेपटी जोडलेली नसेल तर आवळत जाणारं जाळं मातीला बाजूला सारू शकतं आणि सुटे झालेले पापुद्रे पुन्हा एकमेकांना चिकटू शकतात.

हे तत्त्व तसं जुनंच. दाताच्या पांढऱ्या सिमेंटमधल्या सिलिकाच्या कणांना रेझीनशी रासायनिक रीतीने जोडून घेण्याची कल्पना राफेल बोवेन यांच्या 1962च्या पेटंटमध्ये आहे.

पापुद्रे सुटले की नाही, याचा अंदाज क्ष-किरणांवरून बांधतात. ब्रॅगच्या नियमानुसार दोन थरांतलं अंतर वाढलं की परावर्तनाचा कोन कमी होतो. तांब्याचे क्ष-किरण (0.154 नॅनोमीटर) वापरले तर 1.2 नॅनोमीटर अंतराचं शिखर आलेखावर सुमारे 7.4 अंशांवर दिसतं, 3 नॅनोमीटरचं 3 अंशांच्या जरा अलीकडे. शिखर नाहीसंच झालं तर दोन शक्यता उरतात: पापुद्रे पूर्ण सुटले, किंवा त्यांची रांग नुसतीच विस्कटली. म्हणून नुसत्या आलेखावर न विसंबता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीही बघावं लागतं. ‘नॅनो’चा शिक्का मारलेल्या जाहिरातींत ही तपासणी मला क्वचितच दिसते.

अ‍ॅक्रिलेटऐवजी शेपटीला थायॉल, म्हणजे गंधक-हायड्रोजनचा गट, लावला तर आणखी एक फायदा होतो. हवेतला ऑक्सिजन मुक्तमूलकांना गाठून थंड करतो. प्रकाशाने पक्क्या झालेल्या थराचा वरचा पृष्ठभाग बरेचदा चिकट राहतो तो यामुळेच. थायॉल त्या थंडावलेल्या मूलकाला आपला हायड्रोजन देऊन टाकतो आणि गंधकावर नवं मूलक उभं राहतं. खंडित झालेली साखळी तिथून पुन्हा सुरू होते.

प्रकाशाचा मार्ग मातीला आणखी एका कारणाने मानवतो. अमोनियमच्या शेपट्या 200 अंशांच्या आसपास तुटायला लागतात आणि वितळलेलं नायलॉन त्याहून तापलेलं असतं. प्रकाशाचं काम मुळात खोलीच्या तापमानाला सुरू होतं. मात्र माती 5 टक्क्यांच्या फार पुढे नेली तर द्रव लापशीसारखा दाट होतो. न सुटलेले गठ्ठे प्रकाश विखुरतात, मग जाड थराचा तळ कच्चाच राहतो.