चेपणीचा दगड आणि रशियन कोबी

वहिनीने मे महिन्यात लावलेली कोबीची पहिली बरणी पाचव्या दिवशी उघडली आणि वासानेच आई दोन पावलं मागे सरली. कोबी बुळबुळीत झालेला, बोटाने दाबला तर लगदा, वर पांढरी साय. वहिनी रशियाची. गोव्यातल्या मोरजीत दुकानांवर रशियन पाट्या दिसायला लागल्या त्या काळात ती इकडे आली, भावाशी लग्न झालं, आणि आता आमच्या पेडण्याकडच्या घरात उकड्या तांदळाची पेजही तिच्याच हातची असते. कोबीची कृती तिच्या आजीची, तोंडपाठ: किलोभर कोबी बारीक चिरायचा, एक गाजर किसायचं, २० ग्रॅम मीठ चोळायचं, वर वजन ठेवायचं, रोज लाकडी काडीने तळापर्यंत भोकं पाडायची. तिने यातलं काहीही चुकवलं नव्हतं. आईने बरणीत डोकावून एवढंच विचारलं, "अगो बाय, मीठ इतकंच?"

मला तो प्रश्न सासूचा टोमणा वाटला होता. खरं तर तो अगदी नेमका शास्त्रीय प्रश्न होता.

या आंबवलेल्या कोबीला रशियन लोक 'क्वाशेनाया कापुस्ता' म्हणतात. त्यात व्हिनेगर नसतं, विरजणही नसतं. कोबीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. मीठ चोळलं की ते पेशींतून बाहेर ओढलं जातं आणि तासाभरात कोबी स्वतःच्याच पाण्यात बुडायला लागतो. वरचं वजन याचसाठी. पाण्याखाली हवा नाही, आणि हवा नसली की बुरशीला जागा नाही. पानांवर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू आधीपासून असतात, पण थोडे. दोन-अडीच टक्के मीठ त्यांना चालतं, सडवणाऱ्या बऱ्याच जिवाणूंना चालत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून पारडं त्यांच्या बाजूला झुकतं.

पुढे या जिवाणूंमध्येही पाळ्या लागतात. सुरुवातीला ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू कामाला लागतो. इडलीचं पीठ फुगवण्यातही याचा मोठा वाटा, त्यामुळे आपल्या घरांना तो अनोळखी नाही. तो साखर खाऊन आम्ल करतो आणि सोबत कार्बन डायऑक्साइडही सोडतो. आजीची काडी हाच वायू बाहेर काढण्यासाठी. कापुस्ताचा तो चुरचुरीत, किंचित फळासारखा वास याच पाळीतला. आंबटपणा वाढला की ल्युकोनोस्टॉक स्वतःच थकतो आणि लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमसारखे जास्त आम्ल सोसणारे पुढे येतात. शेवटी सामू, म्हणजे पीएच, साडेतीनच्या आसपास उतरतो. तिथे कोबी टिकतो.

ही सगळी चाल नीट चालते ती १८ अंशांच्या जवळपास. रशियात कोबी लावतात ऑक्टोबरात, पहिली थंडी पडली की. गारठ्यात कोबीतली साखर वाढते, म्हणजे जिवाणूंना खाऊही जास्त. बरणी आधी घरात दोन-चार दिवस, मग जमिनीखालच्या गार तळघरात. आणि आमचं स्वयंपाकघर? मे महिन्यात दुपारी ३२-३३ अंश, रात्रीही फार उतरत नाही. एवढ्या उष्णतेत कित्येक आठवड्यांचं काम आठ-दहा दिवसांत उरकतं. ल्युकोनोस्टॉकला हात मारायला वेळच मिळत नाही, वास येत नाही, नुसता आंबटढाण होतो. भरीला कोबीला कडक ठेवणारं पेक्टिन विघटित करणारी विकरंही (एन्झाइम) उष्णतेत जोरात चालतात. वर जरा हवा राहिली की यीस्टची साय धरलीच. बेळगावहून येणारा म्हापशाच्या बाजारातला कोबी वाईट नव्हता, वहिनीचा हातही वाईट नव्हता. कृतीत न सांगितलेला एक घटक होता, तळघर, तो आमच्याकडे नव्हता.

तळघर नसलेल्या माणसांनी मग काय केलं? चेपणीचे तोर. कोवळ्या कैऱ्या, बाठ धरायच्या आधीच्या, बरणीत थरावर थर, मधे खडा मीठ, आणि वर दगड. चेपायचं म्हणून चेपणी. आईच्या हाताचं मीठ मी एकदा तोलून पाहिलं: किलोभर तोरांना पाव किलो. मीठ दहा टक्क्यांच्या पुढे गेलं की बहुतेक लॅक्टिक जिवाणूही मंदावतात. म्हणजे बाहेरून दोन्ही बरण्या सारख्याच दिसतात, तसंच मीठ, तसाच दगड, पण आतली गोष्ट उलटी. रशियन बरणीत मीठ जिवाणू निवडतं. गोव्याच्या बरणीत ते जवळपास सगळ्यांनाच गप्प बसवतं, आणि कैरीचा आंबटपणा तिचा स्वतःचाच असतो. पेडण्यात आगरवाड्याला मिठागरं आहेत, मीठ मुबलक. बर्फ मात्र कधीच नव्हता.

यातून एक अडचण उरते, ती आरोग्याची. प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शंभर ग्रॅम कापुस्तात दोन ग्रॅम मीठ आलंच. तोर खाण्याआधी पाण्यात भिजवला तरी खारटच लागतो, म्हणून तो पेजेबरोबर अर्धा चावायचा, वाटीभर कोणी खात नाही. कापुस्ता मात्र लोक वाटीभर खातात, 'पोटाला चांगलं' म्हणत. आंबट दुधाने आयुष्य वाढतं हा विचार लोकप्रिय केला तोही तेव्हाच्या रशियन साम्राज्यात जन्मलेल्या इल्या मेचनिकोव्ह या शास्त्रज्ञाने. त्यांना १९०८ चं नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी, दह्यासाठी नव्हे. ते स्वतः ७१ व्या वर्षी गेले. कापुस्तात क जीवनसत्त्व बऱ्यापैकी टिकतं, तंतू असतात, न शिजवता खाल्लं तर जिवंत जिवाणूही. एवढं पुरेसं आहे, त्याला औषध करायची गरज नाही.

बरणीतलं आंबट पाणी वहिनी टाकत नाही, बीटच्या सुपात, बोर्श्तमध्ये ओतते. बीटचा लाल रंग उकळीने फिका पडतो, आंबट पाण्यात जास्त टिकतो. आपल्या तांबड्या भाजीचा, म्हणजे लाल माठाचा, लाल रंगही बीटच्याच रंगद्रव्यांच्या कुळातला, बीटालेनचा. सोलकढीचा नाही, तो अँथोसायनिन या वेगळ्या कुळातला, आणि हे दोन रंग एका झाडात एकत्र सापडत नाहीत.

आता ती कोबी जानेवारीतच लावते. सकाळी फरशी गार लागते तेव्हा. मीठ अडीच टक्के, तीन दिवस बाहेर, चौथ्या दिवशी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, आणि तिथे तीन आठवडे हात लावायचा नाही. यंदाचा कोबी दाताखाली कचकन वाजला. वजन म्हणून तिला आईच्या चेपणीचाच दगड बरोबर बसतो, तो मागायला आली तेव्हा आई म्हणाली, "ने, पण धुऊन परत दे. महिन्याभरात तोर येतील."