काळ्या काचांची बंदी आणि उन्हाचा त्रास असलेले पेशंट

ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार), अल्बिनिझम (त्वचेत रंगद्रव्य फार कमी असणं) किंवा उन्हाने त्वचा भाजण्याचा आजार असलेली माणसं हमखास विचारतात, डॉक्टरचं लेटर असेल तर गाडीच्या काचांना सनफिल्म, म्हणजे ऊन अडवणारा चिकटवायचा पातळ थर, लावता येते का? आपल्याकडे तशी वेगळी सवलत नियमात नाहीच. का नाही ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

मूळ नियम १९८९ चा, केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला नियम १००. पुढच्या-मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. फिल्मचं नाव त्यात कुठेच नव्हतं, त्यामुळे लोक म्हणायचे टक्केवारी पाळली की झालं, आणि खरं तर ती तरी कोण पाळत होतं, सगळीकडे आतलं काही दिसणार नाही अशा काळ्याकुट्ट काचा. मग अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने २७ एप्रिल २०१२ ला निकाल दिला की काच कंपनीतूनच त्या टक्केवारीची आली तर चालेल पण वरून कुठलीही फिल्म, कितीही फिकट असली तरी, ४ मे पासून बंद. कारण मुख्यतः काळ्या काचांआड होणारे गुन्हे. सूट मिळाली ती झेड आणि झेड प्लस सिक्युरिटीवाल्यांना, तीही पोलीस महासंचालक किंवा आयुक्त आणि गृहसचिव यांच्या कमिटीने विचार करून. पेशंटसाठी मात्र अशी कुठलीच कमिटी नाही, आणि मला हेच खटकतं, कारण अंगरक्षकवाल्यासाठी वाट काढता येते तर ल्युपसवाल्यासाठी का नाही?

गंमत म्हणजे त्याच एप्रिलमध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या एका ट्रक ड्रायव्हरचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं ट्रक चालवून खिडकीकडचा डावा गाल पार सुरकुतलेला, उजवा बराच ठीक. पुढची काच लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा थर असलेली असते, ती यूव्ही (उन्हातले अतिनील किरण) जवळजवळ सगळं अडवते, पण बाजूची साधी टफन्ड (कडक केलेली) काच त्यातले यूव्हीबी किरण अडवते आणि त्वचेत खोल जाणारे यूव्हीए बऱ्यापैकी आत सोडते. आणि यूव्ही अडवायला फिल्म काळी असावीच लागते असंही नाही, पारदर्शक फिल्मही ते काम करते. पण २०१२ च्या निकालात तीही गेली.

कॅलिफोर्नियात डॉक्टरचं सहीचं लेटर जवळ असेल तर पुढच्या सीटशेजारच्या खिडक्यांना ऊन अडवणारं आवरण लावता येतं, फक्त अंधार पडल्यावर वापरायचं नाही. म्हणजे पोलिसांची अडचण आणि पेशंटची गरज दोन्हीचा विचार झालाय.

आपल्याकडे पुढे नियम १०० च बदलला, १ एप्रिल २०२१ पासून सेफ्टी ग्लासच्या जोडीला सेफ्टी ग्लेझिंग आलं, म्हणजे आतून प्लास्टिकचा थर असलेली काच. त्याच आधारावर सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ हायकोर्टाने म्हटलं की ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणारी फिल्म चालते. त्यामुळे फिकट यूव्ही फिल्मपुरता पेशंटचा मुद्दा थोडा सुटतो, पण ज्यांना ५० टक्क्यांपेक्षा कमी उजेड सोडणारी गडद काच लागते त्यांच्या हातातल्या लेटरला अजूनही नियमात जागा नाही.