सकाळी काय लावावं?
(आमच्या ग्राहकांसाठी)

स्पीकर घेऊन गेलेले ग्राहक पुन्हा दुकानात येतात ते बहुधा एकच विचारायला: शास्त्रीय संगीत ऐकायचंय, पण सकाळी लावायचं काय? आमचं सरळ उत्तर असं की आधी घड्याळ बघा, मग हातात किती वेळ आहे ते बघा. गायकाचं नाव त्यानंतर.

उजाडायच्या आत उठत असाल तर ललित राग. उजाडल्यापासून नऊपर्यंत भैरव. भैरवात रिषभ (रे) आणि धैवत (ध) कोमल, पण ते नुसते लागून जात नाहीत, जागेवरच हलके झुलतात. एकदा कान त्या आंदोलनाकडे गेला की भैरव कुठेही लागला तरी ओळखू येतो. नवख्या माणसाला मात्र आम्ही अहिर भैरव सुचवतो. सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात भैरव, वर कोमल निषादामुळे (नी) काफी रागाचा गोडवा. हरिप्रसाद चौरसियांची बासरी लावा, पोरांची दप्तरं भरता भरताही ऐकता येते.

नऊ ते बारा तोडी, जौनपुरी, देसकार. भीमसेनजींची तोडी विलंबितापासून, म्हणजे संथ लयीपासून, ऐकायची तर निवांत बसून ऐका. फोडणी देता देता लावली तर ना धड तोडी, ना धड आमटी. देसकाराचे पाच सूर भूपाचेच, पण भूप गंधारावर (ग) रमतो आणि देसकार धैवतावर. त्यामुळे किशोरीताईंचा भूप कितीही लाडका असला तरी तो दिवस मावळल्यावरचा. ‘मॉर्निंग’ नावाच्या तयार याद्यांत संध्याकाळचा यमनसुद्धा घुसडलेला सापडतो, तेव्हा त्यांच्यावर विसंबू नका. (तुम्हाला सकाळी यमनच आवडत असेल तर आम्ही कोण अडवणारे?)

घरात कन्नड बोलत असाल तर मल्लिकार्जुन मन्सूरांनी गायलेली वचनं, म्हणजे शरणांच्या कन्नड भक्तिरचना, जरूर ऐका.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या मंडळींची अडचण वेगळी. शेजारी माग सुरू झाले की त्या खटखटीत आलाप, म्हणजे सुरुवातीचा संथ, तालाविना विस्तार, पार बुडतो. माग चालू व्हायच्या आत आलाप उरका. नंतर सतारीवरचा जलद ‘झाला’ नाहीतर द्रुत (जलद) तराणा लावा.

आता स्पीकरचं. बेस वाढवू नका. वाढवला की डग्गा (तबल्याच्या जोडीतला खर्जाचा) घुमतो आणि तानपुरा गडप होतो. स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यात किंवा कडाप्प्याच्या कप्प्यात कोंबला तरी तीच गत. खाली शहाबादी फरशी आणि भिंती मोकळ्या असतील तर आवाज फुटतो. स्पीकरसमोरच्या भिंतीवर एखादी जाड चादर टांगून बघा, सोलापुरात चादरीला काय तोटा! आवाज इतकाच ठेवा की तानपुरा ऐकू येईल आणि घरात कुणाला ओरडून बोलावं लागणार नाही.

एवढं करूनही डग्गा घुमतच असेल तर स्पीकर दुकानात घेऊन या. तानपुरा लावून तुमच्यासमोरच तपासून देऊ. आमच्याकडून घेतलेला असेल तर तपासणीचे पैसे नाहीत.