द्रव-भिंग बॅटरी खातं का?

द्रव-भिंग म्हणजे विजेने द्रवाचा आकार बदलून फोकस साधणारं भिंग. फिरत असलेला समज असा: द्रव-भिंगाला पन्नास-साठ व्होल्ट लागतात, म्हणून ते बॅटरी भराभर संपवतं.

व्होल्टचा आकडा खोटा नाही. बऱ्याच भिंगांना तेवढे लागतात. पण व्होल्ट म्हणजे खर्च नव्हे. स्वेटर काढताना उडणारी ठिणगी हजारो व्होल्टची असते, तरी आपण नुसते दचकतो. भिंगात पाणी आणि तेल एकमेकांना टेकून असतात, आणि पाणी व धातू यांच्यामध्ये विद्युतरोधक थर असतो. म्हणजे तो एक छोटा कपॅसिटरच. त्यातून सलग प्रवाह वाहत नाही, फक्त विद्युतभार भरतो आणि रिकामा होतो. पडताळायचं असेल तर माहितीपत्रकात व्होल्टच्या शेजारचा शक्तीचा आकडा बघा: तो सहसा मिलिवॅटमध्ये असतो.

मग व्होल्टेज कमी करायची धडपड कशाला? कारण बॅटरीच्या तीन-चार व्होल्टचे साठ करायला वेगळं सर्किट लागतं, आणि ते जागाही घेतं, थोडी शक्तीही.

उपाय सूत्रातच आहे. पाणी-तेलाच्या सीमेच्या आकारावर होणारा परिणाम व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि विद्युतरोधक थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात. थर चौथ्या हिश्शाइतका पातळ केला की निम्मे व्होल्ट पुरतात. गोम इथेच आहे: थरावरचा विद्युत ताण मात्र दुप्पट होतो. थर फुटला की पाण्याचं विघटन होऊन बुडबुडे येतात, आणि भिंग गेलंच म्हणायचं. म्हणून हाफ्नियम किंवा टँटलम ऑक्साइडसारखे जास्त परावैद्युतांकाचे, म्हणजे तेवढ्याच व्होल्टमध्ये जास्त विद्युतभार साठवणारे, थर वापरतात, किंवा साबणासारखं द्रव्य घालून तेल-पाण्यामधला पृष्ठताण उतरवतात, म्हणजे कमी व्होल्टमध्येही आकार बदलतो.