भामरागड-एटापल्लीतलं बाळंतपण: माहेरघरात कधी जायचं, अनुदानासाठी कोणते कागद लागतात

पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो. त्याच दिवसांत, २८ जुलै ते ३ ऑगस्ट, माओवाद्यांचा नक्षल सप्ताह येतो आणि आतल्या गावांकडे जाणारी वाहतूक आजवर त्या आठवड्यात थांबत आली आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दिवस भरणार असतील, तर कळा सुरू झाल्यावर १०८ला फोन करू, या भरवशावर राहू नका.

यासाठीच माहेरघर आहे. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात गरोदर बाईला तारखेआधी राहता येतं. सोबत तिचं लहान मूल आणि घरचं एक माणूस चालतं, जेवणाची सोयही असते. आशाताई किंवा आरोग्यसेविकेला सातव्या महिन्यातच सांगून ठेवा, जागा आहे का ते त्या विचारतील. पावसाळ्यात निदान आठ दिवस आधी निघावं. तारीख इकडेतिकडे होतेच.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त आणि घरी परत सोडणारी गाडी हे सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. जेवण साध्या बाळंतपणात ३ दिवस, सिझेरियनमध्ये ७ दिवस मिळतं. कागद नाहीत म्हणून कुणी घरी थांबू नये. कागदांवाचून अडतात ते पैसे, उपचार नव्हेत.

पैसे दोन योजनांतून मिळतात. जननी सुरक्षा योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या किंवा दारिद्र्यरेषेखालच्या ग्रामीण बाईला दवाखान्यात बाळंत झाल्यावर ७०० रुपये. मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ३,००० आणि २,००० असे दोन हप्ते, आणि दुसरी मुलगी झाली तर एकरकमी ६,०००. पहिल्या हप्त्यासाठी गरोदरपणाची नोंद आणि निदान एक तपासणी हवी, तीही शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत. दुसऱ्यासाठी बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण लागतात. अर्ज आशाताई किंवा अंगणवाडी सेविका भरून देतात.

लागणारे कागद: बाईचं आधार, माता-बाल संरक्षण कार्ड, तिच्या स्वतःच्या नावाचं पासबुक. पात्रतेसाठी जातीचा दाखला नसेल तर मातृ वंदनेला अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड किंवा रोजगार हमीचं जॉबकार्ड, यांतलं एक पुरतं. नवऱ्याच्या आधारची सक्ती आता नाही.

पैसे अडकतात ते बहुतेक आधारपाशी. रक्कम पासबुकातल्या खात्यात न जाता, आधारशी सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं जुनं खातंच जोडलेलं राहिलं असेल, तर हप्ता तिथे पडून राहतो आणि घरचे म्हणतात, पैसे आलेच नाहीत. दुसरी अडचण वयाची. मातृ वंदनेला किमान १८ वर्षं ७ महिने लागतात, आणि जन्मदाखला नसलेल्या अनेकींच्या आधारवर अंदाजाने १ जानेवारी टाकलेली असते. आधारवर माहेरचं नाव आणि माता-बाल कार्डावर सासरचं, असंही होतं.

ही दुरुस्ती नेटवर्क असलेल्या गावीच होते. म्हणून तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, रस्ते सुरू असताना, बाईला सोबत घेऊन बँकेत जा आणि आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते विचारून घ्या.