जितकं घासाल तितकं निर्जंतुक?

ऑपरेशनआधी सर्जनने ब्रशने दहा मिनिटं खसाखसा घासले तरच हात निर्जंतुक होतात, हा समज अजून पक्का आहे. प्रत्यक्षात राठ ब्रशने त्वचा सोलवटते, बारीक ओरखडे पडतात आणि पापुद्र्यांसोबत आतले जंतूही बाहेर येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ सालीच हातांसाठी ब्रश नको म्हटलंय. जंतुनाशक साबणाने २ ते ५ मिनिटं पुरतात.

सर्जनना हात धुण्यासाठी मिळणारा पाकीटबंद ब्रश नीट पाहा: एका बाजूला दाते, दुसरीकडे मऊ स्पंज, सोबत प्लास्टिकची नखकोरणी. कोपरापर्यंत स्पंज फिरवायचा, नखांखालचा मळ वाहत्या पाण्यात कोरणीने काढायचा. एवढं करूनही हात पूर्ण निर्जंतुक होत नाहीतच (होणारही नाहीत, त्वचा जिवंत आहे), म्हणून तर वर ग्लोव्हज.