मेणवलीच्या वाड्याला आमच्यासोबत येताय? आधी हे वाचा

नमस्कार मंडळी, साताऱ्याहून वाईमार्गे मेणवली साधारण ३५ किलोमीटर, सकाळी लवकर निघालो तर ऊन चढायच्या आत पोचतो. बरेच जण थेट घाटावर जातात, चार फोटो काढतात आणि परत गाडीत बसतात, आम्हाला ते बघून खरंच वाईट वाटतं, म्हणून आम्ही आधी वाडाच दाखवतो आणि त्याला निवांत वेळ देतो.

हा वाडा नाना फडणवीसांचा. साडेतीन शहाण्यांतले अर्धे शहाणे ते हेच, जन्म साताऱ्यातच, १७४२ चा. कारभार पुण्याचा पण घर कृष्णाकाठी. आत चौकामागून चौक लागत जातात, जाड भिंती, लाकडी खांब, भर उन्हाळ्यातही ओसरीवर बसलं की गार वाटतं. भिंतींवर जुनी चित्रं आहेत, रंग उडालेत पण जवळ जाऊन बघा, फक्त हात लावू नका प्लीज, मागे एका ताईंनी सहज बोट फिरवलं आणि बोटाला रंग लागला, आम्हालाच कसंतरी झालं. नानांची मोडी कागदपत्रं म्हणजे मेणवली दप्तर इथलंच, ते आता पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे, त्यामुळे वाड्यात शोधू नका.

मग मागच्या बाजूने घाटावर. पायऱ्या चंद्रकोरीसारख्या वळलेल्या, वर मेणेश्वराचं देऊळ आणि शेजारी ती मोठी पंचधातूची घंटा. ही मूळची चर्चची, १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा मराठ्यांनी तिथल्या घंटा आणल्या त्यातली, अशीच एक भीमाशंकरलाही आहे. खाली वाकून बघितलं की १७०७ साल आणि बाळाला घेतलेली मेरी दिसते. पोर्तुगीजांची घंटा शंकराच्या दारात, आमच्या मते अख्ख्या ट्रिपमधली सगळ्यात भारी गोष्ट हीच, लहान मुलांना आधी हे दाखवा.

वाडा खाजगी मालकीचा आहे, तेव्हा आवाज कमी आणि कचरा आपापल्या पिशवीत. पावसाळ्यात पायऱ्या शेवाळलेल्या असतात, वर धोम धरण आहे, पाणी सोडलं की नदी चढते, अशा दिवशी आम्ही कुणालाच खाली उतरू देत नाही, कितीही आग्रह करा. सपाट तळव्याच्या चपला नकोत, ग्रिप असलेले बूट घाला. आजी-आजोबा सोबत असतील तर बुकिंगलाच सांगा, त्यांना वाड्याच्या ओसरीवर निवांत बसवतो आणि सोबत आमचा एक माणूस थांबतो.